नागपुरातला जुना फ्लॅट मॉडर्न करायचाय? आधी कूलर कुठं बसणार ते ठरवा

धंतोली, रामदासपेठ, काँग्रेसनगर, धरमपेठ, इकडे अजूनही पन्नास-साठच्या दशकातल्या दोन-तीन मजली बिल्डिंगी उभ्या आहेत, गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, मोझॅकची फरशी, सागवानाची दारं अन् छत अकरा-बारा फुटांवर. महालात अन् इतवारीत तर जुन्या वाड्यांच्या वाटण्या होऊन झालेली घरं आहेत, त्यांच्या भिंती अजून जाड. असा एखादा फ्लॅट तुमच्याकडे वडिलोपार्जित आला असेल किंवा रिसेलमध्ये घेतला असेल आणि आता तो आजच्या पद्धतीचा, मोकळा, कमी सामानाचा, साध्या सरळ रेषांचा करायचा असेल तर इंटिरियरवाल्याला बोलवायच्या आधी हे वाचून घ्या.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर आहे. जुन्या घरातलं जे तुम्हाला जुनाट दिसते ते बरेचदा काम करून राहिलेलं असते. उंच छत, छताजवळचे व्हेंटिलेटर, चौदा इंची भिंत, चुन्याचा गिलावा, हे सगळं नागपूरच्या ४५ च्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यासाठी केलेलं आहे. ते झाकलं की घर मॉडर्न दिसते पण तापते. म्हणून मॉडर्न करायचं म्हणजे आधी वर्षानुवर्षं चढवलेले थर काढायचे, सनमायका, पीओपीच्या पट्ट्या, ऑइल पेंट, बॉक्स केलेली गॅलरी, हे निघालं की अर्धं डिझाइन आपोआप समोर येते.

पावसाळ्यात बघा, दिवाळीनंतर काम काढा

फ्लॅट नीट बघायचा महिना ऑगस्ट. उन्हाळ्यात सगळ्या भिंती कोरड्या न चांगल्या दिसतात, ओल कुठून येते ते पावसातच समजते. गच्चीखालचा फ्लॅट असेल तर दोन दिवस झड लागल्यावर जा आणि छताचे कोपरे, खिडकीवरचे सज्जे, वरच्या मजल्याच्या संडास-बाथरूमखालची जागा टॉर्च घेऊन बघा. एक लहान हातोडी सोबत ठेवा अन् स्लॅबवर, गिलाव्यावर हलक्या हातानं ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथं खडूनं गोल करा. साठच्या दशकातल्या आरसीसी स्लॅबमध्ये सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते, पोपडे पडतात ते त्याच्यामुळे. यावर पीओपी मारणं म्हणजे रोग झाकणं आहे. सुटं काँक्रीट पूर्ण काढून, सळई घासून, गंजरोधक कोट लावून, पॉलिमर मॉर्टरनं भरायचं, आणि किती सळई खाल्ली गेली आहे ते स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच ठरवू द्या. गर्डरवर विटांच्या कमानी बसवलेलं छत असेल तर गर्डर भिंतीत जिथं घुसतो ते टोक बघा, तिथं गंज सगळ्यात आधी धरतो, बाथरूमशेजारी तर नक्कीच.

तडे बघताना एक लक्षात ठेवा की आपल्याकडे बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घर तिच्यासोबत थोडं हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा दिसला की लगेच भरायची घाई करू नका. काचेची एक पातळ पट्टी, बोटभर लांब, तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलनं तारीख लिहायची. काही महिन्यांनी काच तशीच असेल तर तडा जुना न शांत आहे, भरून टाका. काच तुटली असेल तर घर अजून हलून राहिलं आहे, आता पेंटरला नाही तर इंजिनीअरला फोन करा. काचेची किंमत काही नाही पण यातून जे समजते ते कोणत्याही थ्रीडी ड्रॉइंगमधून समजत नाही.

कागदाचं पण याच वेळी उरकून घ्या. नागपुरात बऱ्याच जुन्या इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन (नोंदणी केलेलं घोषणापत्र) केलेल्या आहेत, तुमचं काय आहे ते काढून बघा. दोन्हीकडे मुख्य भिंती, स्लॅब, बीम, गच्ची ही सामायिक असतात, तुमच्या एकट्याची नसतात, म्हणून लेखी एनओसी घ्या, तोंडी हो म्हटलेलं पुढं कोणाला आठवत नाही. सोसायटी असेल तर आदर्श उपविधीप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला पाहिजे, शेवटचा रिपोर्ट मागून घ्या, नसेल तर हीच वेळ आहे सगळ्यांनी मिळून करायची. इमारत हेरिटेज यादीत आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. यादीत ग्रेड असतात आणि ग्रेडप्रमाणे आतबाहेर काय बदलता येते ते ठरते. यादीत नसली तरी रस्त्याकडची गोल गॅलरी स्लायडिंग लावून बंद करू नका हो, ती त्या रस्त्याची शोभा आहे.

दिवाळीनंतर काम सुरू केलं की फेब्रुवारीपर्यंत गिलावा, फरशी, वॉटरप्रूफिंग ही पाण्याची कामं होतात. एप्रिल-मेमध्ये गिलावा केला तर तो पाणी धरून ठेवायच्या आधीच सुकतो न भुरभुरतो, शिवाय तेव्हा मजूरही भर उन्हात अर्धाच दिवस काम करू शकतात.

भिंतीला श्वास घेऊ द्या

जुन्या नागपूरच्या विटा चुन्यात रचलेल्या आहेत, गिलावाही चुना-रेती-सुर्खीचा, सुर्खी म्हणजे भाजल्या विटांची भुकटी. अशी भिंत ओल शोषते अन् हळूहळू बाहेर सोडून देते. तिच्यावर कोणी तरी ऐंशी-नव्वदच्या दशकात सिमेंट प्लॅस्टर मारलेलं असते, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक इमल्शन, मग ओल बाहेर निघू शकत नाही, ती भिंतीतून वर चढते न जिथं वाट मिळेल तिथं पांढरा लोणा (क्षार) फुटतो. मग डॅम्पप्रूफचा डबा येतो, वर्ष निघते, लोणा दोन हात वर सरकून पुन्हा दिसतो. गिलावा चुन्याचा का सिमेंटचा ते बघायला खिळ्यानं ओरखडा मारा, चुन्याचा मऊ, पांढुरका न भुसभुशीत निघतो, सिमेंटचा करडा असतो आणि खिळा घसरतो.

उपाय असा. आधी पाणी कुठून येते ते बंद करा, फुटका पाइप, तुंबलेली पन्हाळ, जमिनीलगतची माती भिंतीला चढलेली, जे असेल ते. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट प्लॅस्टर काढून भिंत उघडी ठेवा, जमलं तर सगळा हिवाळा. घरात विटा दिसतात, धूळ होते, बायको-आई वैतागतात, पण हा वेळ भिंतीला द्यावाच लागतो. नंतर चुन्याचा गिलावा, एक भाग भिजवलेला चुना न तीन भाग कन्हान नदीची रेती, थोडी सुर्खी, आणि एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नाही. जुने मिस्त्री यात बेलफळाचा गर, गूळ, मेथीचं पाणी घालायचे, ते करणारा मिस्त्री सापडला तर त्याला सोडू नका. मजुरांच्या ठिय्यावर उभे असलेले सगळे सिमेंटवाले असतात, चुन्याचं काम येणारा माणूस महालाकडे मंदिरांची, वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांना विचारून शोधावा लागतो. थर ओला ठेवायचा, गोणपाट टांगून त्यावर पाणी शिंपडत राहायचं.

वरून रंग चुन्याचा किंवा ओल बाहेर सोडणारा सिलिकेट पेंट. आणि इथंच बघा, आज महागड्या इंटिरियरमध्ये जो लाइमवॉशचा ढगाळ मॅट लुक चालू आहे तो तुमच्या भिंतीला जन्मापासून शोभणारा आहे, वेगळं टेक्श्चर विकत घ्यायची गरजच नाही. एका भिंतीच्या विटा उघड्या ठेवायच्या असतील तर आतल्याच भिंतीच्या ठेवा, बाहेरची भिंत उघडी केली तर जुन्या मऊ विटा पावसात झिजतात.

भिंत पाडून हॉल-किचन एक करायचं सगळ्यांच्याच मनात असते. नऊ इंच न त्याहून जाड भिंत असेल तर ती भार उचलून राहिली आहे असंच धरा. साडेचार इंची पार्टिशनसुद्धा वरच्या फ्लॅटची भिंत तिच्यावर नाही ना हे पाहूनच काढा. माझ्या मते बरेचदा पाडायची गरजच नसते, मधल्या दाराच्या झडपा काढून चौकट तशीच ठेवली अन् दोन्ही खोल्यांची फरशी न रंग एकच केला की नजर सरळ जाते, घर मोठं वाटते.

छत, व्हेंटिलेटर आणि कूलर

आता मुख्य मुद्दा. नागपुरातलं कोणतंही डिझाइन कूलरशिवाय पूर्ण नाही. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर एसीच्या तोडीचं काम करतो, बिल त्याच्या एका तुकड्याइतकं. पण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे, नाही तर तासाभरात खोलीत दमट होऊन जाते, चादर चिकटते, गारवा लागत नाही. जुन्या घरात ही बाहेर जायची वाट म्हणजे छताजवळचे व्हेंटिलेटर. गरम हवा वर जाते न तिथून निघते.

म्हणून पूर्ण खोलीत फॉल्स सीलिंग करू नका असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. धंतोलीतल्या आमच्या एका नातेवाइकांकडे बारा फुटांचं छत नऊवर आणलं, व्हेंटिलेटर मागे बंद झाले, वरून स्पॉटलाइट. फोटोत सुंदर. पुढच्या उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये कूलर लावला की भिंतीवरचा कॅलेंडरचा कागद ओला होऊन वाकायचा, बसवत नव्हतं, शेवटी हॉलला दोन एसी लावावे लागले. तेच व्हेंटिलेटर उघडे राहिले असते तर एका कूलरमध्ये भागलं असतं.

करायचं काय तर व्हेंटिलेटर दुरुस्त करा. जुनी रंगवलेली काच काढून साधी किंवा रिब्ड काच, नवीन बिजागऱ्या, बाहेरून डासांची जाळी, अन् खालून ओढायला दोरी किंवा पातळ रॉड. हिवाळ्यात अन् एसी चालू असताना बंद, कूलरच्या दिवसात उघडे. एसी फक्त बेडरूमला ठेवा, तिथंही छत खाली आणायचं असेलच तर पलंगावरचा भाग तेवढाच आणा, व्हेंटिलेटरची भिंत सोडून. पंखा मात्र बारा फुटांवर ठेवून उपयोग नाही, लांब दांडी घेऊन पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर येतील असं करा.

कूलरची जागा ड्रॉइंग काढतानाच ठरवा, नंतर तो कोणत्याही सुंदर खोलीत खिडकी अडवून, वायर लटकवून, लोखंडी घोडीवर बसतो. चांगली जागा म्हणजे उत्तर किंवा पूर्वेची खिडकी, त्याच्या समोरच्या बाजूला व्हेंटिलेटर किंवा दार. खिडकीचे दोन भाग करून घ्या, खालच्यात कूलरच्या तोंडाच्या मापाची चौकट अन् तिला आतून सागवानाची किंवा पावडर कोटेड जाळीची झडप, वरचा भाग काचेचा, म्हणजे आठ महिने कूलर नसताना तिथं साधी खिडकीच दिसते. बाहेर भिंतीत नीट बोल्ट केलेलं स्टँड, पाण्याचा नळ, सांडपाण्याची नळी, आणि स्वतंत्र अर्थिंग असलेला पॉइंट. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे यात काटकसर नको, ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बोर्डात असलीच पाहिजे. पाणी भरताना स्विच बंद न प्लग बाहेर, घरातल्या सगळ्यांना, पोरांनाही सांगून ठेवा. ताट्या वाळ्याच्या घेतल्या तर वास घरभर राहतो, हनीकोम्ब पॅड जास्त दिवस टिकतात, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर.

खालची फरशी

मोझॅक काढू नका. त्यावर व्हिट्रिफाइड बसवायची पण घाई करू नका. इंचभर मसाला न वर टाइल म्हटलं तर १०० स्क्वेअर फुटाच्या खोलीत साधारण ६०० ते ७०० किलो वजन जुन्या स्लॅबवर वाढते, शिवाय सगळी दारं खालून कापावी लागतात. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवरी चिप्स, वरचा मळकट थर मशीननं घासला की खाली ताजी फरशी निघते. घासाई आधी जाड दगडानं, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक वेळी मधे भेगा मिळत्या रंगाच्या सिमेंटनं भरून सुकू द्यायच्या. कंत्राटदार मधल्या पायऱ्या गाळतात अन् शेवटी पावडर मारून चमक आणतात, ती महिनाभरात जाते, म्हणून घासाईच्या दिवशी स्वतः थांबा. घासलेलं राखाडी पाणी बाथरूमच्या नाणीत (मोरीत) सोडू देऊ नका, ते आत सिमेंटसारखं बसते, बादलीत भरून मलब्यासोबत बाहेर काढा.

फुटक्या टाइल्सच्या जागी तशाच जुन्या पाहिजेत तर बाजारात फिरायच्या आधी आपल्याच घरात बघा, ओट्याखाली, स्टोअररूममध्ये, भिंतीतल्या अलमारीच्या तळाशी त्याच टाइल्स असतात. त्या सांभाळून काढून हॉलमध्ये बसवायच्या, स्टोअरमध्ये नवीन टाकायच्या. बॉर्डरची रांग असेल तर तिचं मोजमाप घेऊन फर्निचर तिच्या आत बसेल असं बघा, सोफा बॉर्डरवर चढला की फरशीची सगळी रचना हरवते.

लाकूड

दारं-चौकटी सागवानाच्या आहेत हे ऑइल पेंटच्या चार-पाच थरांखाली समजतही नाही. एका कोपऱ्यात खरवडून बघा. पण कोरडं सँडिंग करू नका, भारतात घरगुती पेंटमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकते अन् ती धूळ लहान लेकरांच्या अंगात जाणं फार वाईट. पेंट रिमूव्हर लावून, ओलं ठेवून, पत्तीनं खरवडा, मास्क घाला, खोलीत सामान अन् लेकरं नकोत. खाली वर्तमानपत्र नको, प्लास्टिक अंथरा म्हणजे खरवड गोळा करून टाकता येते.

लाकूड उघडं झालं की चमकदार पॉलिशपेक्षा जवसाचं तेल चांगलं दिसते, आजच्या घराला मॅटच शोभते. बॉइल्ड जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून फडक्यानं पातळ लावायचं, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्यायचं, एक दिवस सोडून पुन्हा. ती तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, जवसाचं तेल सुकताना गरम होते अन् फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर मोकळी पसरा. पितळेच्या कड्या, बिजागऱ्या काढून भंगारात देऊ नका, चिंचेनं घासून परत लावा.

उधईसाठी चौकटीचा खालचा वीतभर भाग सुरीनं टोचून बघा, सुरी सरळ आत गेली तर तेवढाच तुकडा कापून जुन्या सागवानाचा जोड द्या, अख्खी चौकट बदलायची गरज नाही. लकडगंजात आरा मशीनवाल्यांकडे विचारलं की पाडलेल्या घरांचे जुने म्याल (लाकडी तुळया), फळ्या मिळतात, ते लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असते म्हणून नवीनसारखं वाकत नाही. अशाच एका म्यालाची बसायची बेंच किंवा खुल्या शेल्फच्या फळ्या केल्या की मॉडर्न खोलीत तो एक तुकडा पुरतो. बंगई (झोपाळा) लावायची असेल तर हुक गर्डर किंवा बीममध्येच, विटांच्या कमानीत किंवा नुसत्या स्लॅबला ड्रिल मारून नाही. आणि दार पावसाळ्यात अडकते म्हणून ऑगस्टमध्ये रंधा मारू नका, हिवाळ्यात त्याच दारातून बोटभर फट दिसेल.

राहिलेलं

वायरिंग पूर्ण नवीन, तांब्याची, लाइटला १.५, सॉकेटला २.५, एसीला ४ स्क्वेअर एमएम, लाकडी पट्टीवरची जुनी वायर न फ्यूज एकही ठेवायचा नाही. भिंतीत आडवी झिरी (वायरसाठीची खाच) शक्यतो पाडू नका, पाडावीच लागली तर भिंतीच्या जाडीच्या सहाव्या हिश्शाहून खोल नको आणि उभी तिसऱ्या हिश्शाहून, त्यापेक्षा मला विचाराल तर काळे किंवा पांढरे मेटल पाइप भिंतीवरून सरळ रेषेत उघडे न्या, ते आजच्या डिझाइनमध्ये छान दिसतात, चुन्याचा गिलावा फुटत नाही न पुढं दुरुस्ती सोपी जाते. लोड वाढणार असेल तर महावितरणकडून मंजूर लोड आधी वाढवून घ्या. गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाका. बाथरूमला वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावायच्या आधी पाणी भरून ४८ तास ठेवा, खालच्यांना सांगून ठेवा न त्यांच्या छताला हात लावून बघा.

किचनचे कॅबिनेट आयएस ७१० च्या (पाण्यात टिकणाऱ्या मरीन) प्लायचे, पायांवर उभे, मागच्या भिंतीपासून दोन इंच सोडून, म्हणजे ओल न उधई दोन्ही दूर. कडप्प्याचा जुना ओटा मजबूत असेल तर तोच घासून तेल पाजून ठेवा, नव्या सरळ शटरवर काळा कडप्पा फार चांगला दिसतो. सोफा, पलंग, टेबल सगळं बुटकं घ्या, उंच खोलीत बुटकं सामान असलं की उंची खुलते. देवळीत एक लहान वॉर्म एलईडी पट्टी, बाकी दिवे भिंतीवर किंवा जुन्या हुकावरून लटकते, २७०० ते ३००० केल्विनचे, पांढराफटक उजेड मोझॅक न सागवानावर चांगला दिसत नाही.

मलबा पोत्यात भरून महापालिकेच्या व्यवस्थेनं किंवा ठेकेदाराच्या करारात लिहूनच उचलून न्यायला लावा, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकू देऊ नका. आणि शेवटचा रंगाचा हात लगेच मारू नका, एक हात मारून राहायला जा, एक पावसाळा काढा, कुठं ओल दिसते का, कुठली केसासारखी भेग उघडते का ते बघा, तेवढं दुरुस्त करून दसऱ्याच्या सुमारास दुसरा हात मारा, चुन्याचा रंग असला तर तो वर्षभरानंही आधीच्या हातावर बेमालूम बसतो.